सरावाचं वाक्य

४ मार्च

नवीन पेशंट. मुलगी, सतरा वर्षांची. घरी सगळे चिऊ म्हणतात, मीही तेच लिहीन. मी सहसा कुणाच्या घरी जाऊन वाचा-उपचार देत नाही, दवाखान्यातच बोलावते. इथे गेले, कारण न्यायला गाडी आली आणि तलावाकाठचे ते दोन बंगले आतून कसे असतील याचं मला कॉलेजपासून कुतूहल होतं. पुढे कधी मी हे निव्वळ कळवळ्यापोटी केलं असं म्हणू नये, म्हणून लिहून ठेवते.

हकिकत अशी. थंडीत एका संध्याकाळी त्यांची मोटरबोट भरधाव येऊन दगडी धक्क्यावर आदळली. बोटीत चिऊ आणि शेजारच्या बंगल्यातला मुलगा. दोघांच्या डोक्याला मार लागला. मुलगा हिंडताफिरता आहे, पण त्या संध्याकाळचं त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. चिऊला आठवतं की नाही हे विचारायची सोय नाही, कारण तिचे शब्दच गेले. समजतं सगळं. उजवा हात कमजोर आहे. बोलायला तोंड उघडलं की एकच निघतं: "अगं बाई!" पाणी हवं असलं तरी अगं बाई, पंखा नको असला तरी अगं बाई. हो आणि नाही यांचाही घोळ. नको असतं तेव्हा मान होकाराची हलते. अहवालात तसं लिहिलं.

"माझी नक्कल करायची हो ती," तिची आई म्हणाली. "मी सारखी अगं बाई म्हणते ना, त्याची. बाकी सगळं गेलं आणि नेमकं तेवढंच उरलं. दिवसभर घरात माझी टिंगल चाललीये." त्या हसल्या आणि उठून खिडकीपाशी गेल्या.

वडील चार वर्षांपूर्वी गेले. आई आणि शेजारचे मिळून कंपनी चालवतात. थोरला मुलगा चोवीसचा. त्याला घरातले आणि ऑफिसातले सगळे दादाच म्हणतात. तो दारात उभा राहून म्हणाला, "किती दिवसांत बोलेल?"

"सांगता येणार नाही."

"अंदाजे?"

"अंदाजेही नाही."

त्याने मान डोलावली आणि कॉफीचा ट्रे डाव्या हाताने पुढे सरकवला. उजवा खांदा टेनिस खेळताना दुखावलाय म्हणाला.

७ मार्च

चिऊ गाते! बोलता न येणाऱ्या अनेकांना गाता येतं, त्यात नवल नाही, तरी दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. लहानपणचं एक गाणं मी सुरू केलं, दुसऱ्या ओळीपासून तिने शब्दांसकट उचललं. म्हणजे माझी नेहमीची पद्धत चालेल. एक वाक्य घ्यायचं, ते वर-खाली अशा दोन सुरांवर बसवायचं, तिच्या डाव्या हातावर हलकेच ताल धरायचा आणि म्हणून घ्यायचं. पुढे सूर काढून टाकायचे, वाक्य राहतं.

वाक्यं मात्र पुस्तकातली घ्यायची नाहीत, हा माझा नियम. 'सफरचंद लाल आहे' हे मोठ्या माणसाला आयुष्यात किती वेळा म्हणावं लागतं? मी घरच्यांना विचारते. त्यांच्या घरात जे बोललं जातं, ते द्या.

१२ मार्च

"पाणी दे ना." आलं. स्वच्छ. "ना"सुद्धा लाडिक आलं. स्वयंपाकीणबाई हात पुसत बाहेर आल्या. आई म्हणाल्या, "अगं बाई!" आणि मग सगळेच हसत सुटले, चिऊ सगळ्यांत जास्त.

निघताना दादा आत आला. चिऊने डाव्या हाताचं बोट त्याच्याकडे केलं आणि माझी बाही ओढत म्हणत राहिली, अगं बाई, अगं बाई. मी त्याला म्हटलं, "तिला तुम्ही हवे आहात. रोज थोडा वेळ बसत जा तिच्याजवळ."

"नक्की," तो म्हणाला.

१९ मार्च

दादा अजून एकदाही येऊन बसलेला नाही. ऑफिसात फार काम असावं.

आज आईंनी नवी वाक्यं सांगितली. "दादा घरी होता." "मी आणि डब्बू गेलो." "बोट डब्बू चालवत होता." डब्बू म्हणजे शेजारचा मुलगा. लहानपणी गोल होता म्हणून डब्बू. आता चांगला उंच, हडकुळा आहे, पण नाव चिकटलंय.

मी म्हटलं, अपघाताबद्दलची वाक्यं इतक्यात नकोत, तिला त्रास होईल.

"ताई, तुम्हीच म्हणालात ना, घरात जे बोललं जातं ते द्या? आमच्या घरात दुसरं काय बोललं जातंय सध्या? तिच्या मनात कोंडलंय ते. बाहेर पडू दे की."

यात तथ्य आहे. माणसाला स्वतःची गोष्ट सांगता येणं हेच शेवटी उपचाराचं उद्दिष्ट, असं मी विद्यार्थ्यांना सांगत आलेय. वाक्यंही बेताच्या लांबीची आहेत, शब्द ओळखीचे. घेतली.

२३ मार्च

बोटीचं वाक्य पूर्ण आलं. त्यानंतर तिने टेबलावर जोरात हात आपटला आणि रडली. नोंद: वाक्य लांब, थकवा. दोन तुकड्यांत करून बघावं.

"दादा घरी होता" मात्र मुळीच येत नाही. ओठ घट्ट मिटून घेते. नोंद: ओठांच्या हालचालींचा सराव वाढवणे.

२६ मार्च

बोटीचं वाक्य आता पाण्यासारखं वाहतं. मी नुसता तिच्या हातावर हात ठेवला की सुरू होतं. आईंनी बागेतली फुलं दिली. दादाने हस्तांदोलन केलं, डाव्या हाताने.

३० मार्च

आज डब्बू आला. आपल्या घरातून कुंपणातल्या छोट्या फाटकाने आला असावा, कारण बेल वाजली नाही. आई ऑफिसात होत्या. दाराशी उभा राहून म्हणाला, "मॅडम, येऊ का? दोन मिनिटंच."

चिऊ त्याला बघून उठायला लागली. तो तिच्यासमोर बसला आणि गुडघ्यांकडे बघत बोलला. पाठ करून आला होता, हे कळत होतं.

"चिऊ, पुढच्या महिन्यात सोळा तारखेला चौकशीचे जबाब आहेत. मी कबूल करणार आहे. मला आठवत नाही, खरंच नाही आठवत. पण आपण दोघंच होतो म्हणतात, आणि तू तर चाकाला हात लावत नाहीस, घाबरट. म्हणजे मीच. गुन्हा माझ्यावर लागेल, बाबा कंपनीतून बाहेर पडतील. ते सगळं ठीक आहे. पण तुझं असं झालं ते..."

चिऊ मान हलवायला लागली. तिचा चेहरा लाल झाला. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. डावा हात टेबलावर आपटायला लागला, टक्-टक्, आणि सुरात, स्वच्छ, एकही अक्षर न गाळता बाहेर पडलं:

"बोट डब्बू चालवत होता."

तो म्हणाला, "हो गं. तेच म्हणतोय मी," आणि गेला. ती त्याच्या पाठीमागे अगं बाई, अगं बाई करून ओरडत होती.

मी काय केलं? लिहायलाच हवं. मी खूश झाले. माझ्या मदतीशिवाय, पाहुण्यासमोर, प्रसंगाला धरून पहिलं वाक्य! आई परतल्यावर त्यांना तसं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, समाधानाने.

३१ मार्च

रविवार. दुपारी कपड्यांच्या घड्या घालत होते. सासूबाई समोर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होत्या.

"कसलं गाणं गं हे? सकाळपासून तेच."

"गाणं नाही, वाक्य आहे. पेशंटचं."

"म्हण बघू मोठ्याने. मला ऐकू येईल असं."

म्हटलं. मग दुसरंही म्हटलं, दादा घरी होता.

"कोण विचारतंय?"

"म्हणजे?"

"अगं, दादा घरी होता, असं कुणी विचारल्याशिवाय कुणी सांगतं का? तुझा नवरा आत घोरतोय. मी कधी दारात जाऊन गल्लीला सांगते का, माझा मुलगा घरी आहे हो म्हणून?" त्यांनी एक मोजा उजेडात धरला. "याचा जोडीदार कुठाय?"

हातातल्या टॉवेलची घडी कितीतरी वेळा घातली आणि मोडली.

मिटलेले ओठ. मी त्यांना व्यायाम दिला. आपटलेला हात. त्याला मी थकवा म्हटलं. दादाकडे केलेलं बोट. त्याचा मी जो अर्थ लावला, तो वाचवत नाही. आणि तो खांदा. एवढ्या दिवसांत टेनिसची रॅकेट मी त्या घरात कुठेच पाहिलेली नाही.

सगळ्यांत वाईट कालचं. तिला म्हणायचं होतं नेमकं उलट. पण तिच्यापाशी त्या विषयावरचं एकच वाक्य होतं आणि ते मी दिलं होतं.

१ एप्रिल

मला नक्की काय माहीत आहे? काहीच नाही. एक खांदा, एक बोट, एक संशय. दादा त्या संध्याकाळी बोटीत होता, चाक त्याच्या हातात होतं आणि तो पोहून घरी निघून आला, असं मला वाटतं. वाटतं. एवढ्यावर चौकशी अधिकाऱ्यांना जाऊन काय सांगू?

काम सोडलं तर उद्या दुसरी कुणी येईल आणि ताल धरेल.

"मग तिलाच विचार की सरळ," सासूबाई म्हणाल्या. "दादा होता का गं बोटीत, म्हणून."

"तिचं हो-नाही उलटसुलट होतं. मला हवं ते उत्तर मी ऐकेन."

दुसरा मार्गही सुचला होता. 'बोट दादा चालवत होता.' आठवड्याभरात बसवता येईल. एकच शब्द बदलायचा. पण तेही माझंच वाक्य झालं असतं. संशयाला मी खरं म्हणून तिच्या तोंडी घालायचं आणि आपण बरोबर वागलो म्हणायचं? तिच्या आईंनी वेगळं काय केलं?

३ एप्रिल

आज सराव घेतला नाही. चिऊला म्हटलं, "ती वाक्यं तुला मान्य आहेत का, हे मी तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. चुकलं माझं. आता ती बंद."

ती म्हणाली, "अगं बाई." हरवलेली किल्ली कोटाच्या खिशातच सापडल्यावर आपण म्हणतो, तसं.

ठरवलंय. सोळा तारखेपर्यंत फक्त दोन शब्द: हो आणि नाही. पक्के. तिचे. बोटीबद्दल एक अक्षरही मी विचारणार नाही.

५ एप्रिल

"मी बाई आहे?" हो. "हा पंखा आहे?" हो. "हा चमचा आहे?" मी पेन दाखवून विचारलं. हो. मग स्वतःच जीभ चावली आणि, "नाही."

"मी विशीतली दिसते?"

"नाही!" एवढं ठणकावून सांगायची गरज नव्हती. दोघी हसलो.

८ एप्रिल

आईंनी दार लावून घेतलं.

"हो-नाही कशाला घेताय, ताई? मान हलवता येते तिला."

"चुकीची हलते."

"आणि ती मोठी वाक्यं?"

"ती आता नाही घेणार."

त्या खुर्चीत बसल्या. आवाज मुळीच चढला नाही. "तुम्हाला मुलं आहेत?"

"नाही."

"मला दोन आहेत. एक तर जवळजवळ गेलीच होती. दुसरा राहू दे, एवढंच म्हणतेय मी. डब्बूला वडील आहेत, मामा आहेत, सांभाळून घेणारी दहा माणसं आहेत. निभावेल त्याचं. माझ्या मुलाला कोण आहे?"

म्हणजे खरं आहे. त्यांनी सांगितलं नाही आणि सांगितलंही. मला राग यायला हवा होता. त्यांचे ओठ कोरडे पडलेले दिसले, मी पाणी दिलं. त्या प्यायल्या.

"सोळा तारखेला तुम्ही फक्त तिच्या हातावर ताल धरा. बाकी तिचं तीच म्हणेल."

मी म्हटलं, "मी येईन."

ताल धरणार नाही, असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर फाटकातूनच परत पाठवलं असतं. हे एक कारण. भीती वाटली, हे दुसरं. कुठलं मोठं, ठरवता येत नाही.

१३ एप्रिल

दवाखान्यात बसलेले घसे, दोन तोतरी मुलं. बंगल्यावर हो-नाही. शेवटच्या वीस प्रश्नांत एकही चूक नाही.

एक प्रश्न मला छळतोय. दादा तिचा भाऊ आहे. तिला ते सांगायचंच आहे, असं मी कशावरून धरून चाललेय? कदाचित नसेलही. तर मग नसो. नाही म्हणायचीही तिला सोय हवी.

१६ एप्रिल

सगळं क्रमाने लिहिते.

दिवाणखाना. लांब टेबलाच्या एका बाजूला आई आणि दादा, दुसऱ्या बाजूला डब्बू आणि त्याचे वडील. टोकाला चौकशी अधिकारी, माझ्याच वयाच्या एक बाई, बरोबर एक लिहून घेणारा. चिऊ माझ्या शेजारी. बाईंनी आधी डब्बूचं ऐकलं. आठवत नाही, पण कबूल आहे, असं तो म्हणाला. त्याचे वडील टेबलाकडे बघत होते.

मग चिऊ. "बोट कोण चालवत होतं, सांगता येईल का तुला?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. ते उचलले नाहीत.

चिऊचा चेहरा लाल व्हायला लागला. आणि तिचा डावा हात आपोआप उठला, टेबलावर पडला, टक्-टक्.

"बोट डब्बू चालवत होता."

लिहिणाऱ्याचं पेन चालू झालं. आईंनी श्वास सोडला. डब्बूने मान खाली घातली.

चिऊने तो हात उचलला आणि पेनावर ठेवला.

"नाही," ती म्हणाली.

सुरात नाही, तालात नाही. जाडसर, ओबडधोबड आवाजात. "नाही. नाही."

"तिचं हो-नाही उलटं होतं," आई लगेच म्हणाल्या. "ताईंच्याच अहवालात आहे. विचारा ना त्यांना."

अधिकारी माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "मार्चमध्ये तसं होतं. आता नाही. तुम्ही तपासून बघा. आणि आणखी एक लिहून घ्या. पहिलं वाक्य माझं आहे. मी ते तिच्याकडून घोटून घेतलं, ती त्या विषयावर दुसरं काही बोलूच शकणार नाही इतकं. दुसरा शब्द तिचा आहे."

हे बोलताना माझा आवाज कापत होता. विद्यार्थ्यांना शिकवताना कधी कापत नाही.

बाईंनी आपलंही पेन खाली ठेवलं. "चिऊ, बाहेर पाऊस पडतोय का?" नाही. "तुला भाऊ आहे?" हो. "या तुझ्या मावशी?" माझ्याकडे बोट. नाही. "बोट तू चालवत होतीस?" नाही. "डब्बू चालवत होता?"

"नाही."

डब्बूच्या वडिलांनी डोकं वर केलं. डब्बूने नाही, तो चिऊकडे तोंड उघडं टाकून बघत होता.

"बोटीत आणखी कुणी होतं?"

चिऊ हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. दादाकडे वळली. बोट केलं नाही. नुसतं हळूच म्हणाली, "अगं बाई."

"याचा अर्थ काय?" बाईंनी मला विचारलं.

त्या दोन शब्दांचे किती सूर मी इतक्या दिवसांत ऐकले आहेत. हा कळला. पण मी म्हटलं, "ते मला सांगता येणार नाही. ज्याला म्हटलंय, त्यालाच माहीत."

मग दादाने उजवा हात टेबलावर ठेवायचा प्रयत्न केला. तो अर्ध्यावरच अडला.

"पुरे, चिऊ," तो म्हणाला. "मी होतो. चाक माझ्याकडे होतं."

आईंनी तोंडावर हात घेतला. पुढचं मी ऐकलं नाही. मला बाहेर जायला सांगितलं. न्यायला आली होती ती गाडी परत सोडायला नव्हती. चालत आले. बरं वाटलं असं म्हणवत नाही.

२० एप्रिल

बंगल्यावरून निरोप: यापुढे येऊ नये. वाचा-उपचारकांच्या संघटनेला मी स्वतःच कळवलंय की मी एका पेशंटला न पडताळलेली वाक्यं शिकवली. ते ठरवतील काय ते.

"आपण होऊन कशाला सांगायला गेलीस?" नवरा म्हणाला.

सासूबाई म्हणाल्या, "तिला विचारलंय का कुणी? विचारल्याशिवाय सांगणारी घरात एक आहे तर!" आणि स्वतःच खूप वेळ हसल्या.

६ मे

दुपारी दवाखान्यात चिऊ आली. डब्बू घेऊन आला होता. तो बाहेरच्या बाकावर बसला.

"आईंना माहीत आहे?" मी विचारलं.

"हो."

"त्यांनीच पाठवलं?"

जरा थांबून, "नाही."

तिची नजर खिडकीकडे गेली, म्हणून मीही खाली पाहिलं. रस्त्यापलीकडे गाडी उभी होती, ओळखीची. मागच्या सीटवर कुणीतरी बसलेलं होतं. आत यायचं असतं तर आल्या असत्या.

मी चिऊला म्हटलं, "आज पहिलं वाक्य कुठलं घ्यायचं, ते तू सांगायचं. मी नाही."

तिने बराच विचार केला. मग म्हणाली, "आई."

पुढे काही येईना. ओठ हलत होते, हात वर उठत होता, परत खाली येत होता. मला तीन-चार वाक्यं सुचली, एकाहून एक सोपी. मी एकही बोलले नाही. खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि वाट बघत बसले.